पहिल्या कडव्यापुरतं शीड

आदरणीय अक्का,

साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे काय म्हणतात? माझे हल्ली समुद्राच्या कलाने वागतात. तुमची धाकटी बहीण गेल्यापासून मी भिंतींशी बोलत बसतो, म्हणून भाच्याने मला उचलून आपल्या शिकाऊ जहाजावर आणलं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तो इथला कप्तान. चारचौघांत मला ‘गुरुजी’ म्हणतो, रागावला की पुन्हा ‘मामा’.) पोरापोरींना शिडं, दोर, सुकाणू शिकवायचं हे जहाज, संध्याकाळी त्यांना चार कविता ऐकवायच्या, एवढंच माझं काम. निजायला दिलेली फळी आमच्या घरच्या डब्यांच्या फडताळाएवढी आहे. कूस बदलायची तर आधी खाली उतरावं लागतं. पोरांच्या ओकाऱ्या दुसऱ्या दिवशी थांबल्या, माझी काही पाठ सोडत नाहीत. क्षितिजाकडे बघा म्हणतात. बघतो. तिथेही कुणी नसतं.

आता हकीकत. मोठं शीड चढवताना वीसेक पोरं एका दोराला लागतात आणि ‘एक-दोन, एक-दोन’ करत ओढतात. मला ते ऐकवेना. (लिंबं मोजताहेत की काय!) म्हटलं, कवितेवर ओढा. आणि चौथीच्या पुस्तकातली ती सांजवेळी घरट्याकडे निघालेल्या पाखराची कविता काढली. तुम्ही दोघी बहिणी एकाच पुस्तकातून घोकायच्या ती. अक्का, काय सांगू! ओळीगणिक शीड असं वर गेलं की माझे डोळे भरून आले. आणि पहिलं कडवं संपलं. शीड निम्म्यावर, पाखरू निम्म्या वाटेवर, अन् मला पुढचं येईना. पोरं दोर धरून ताटकळली. ‘आजोबा, पुढे?’ ‘आजोबा, लवकर, हात गेले!’ मी आभाळाकडे पाहिलं. हात खरोखरच गेले, आणि शीड धाडकन आलं ते खाली कांदे चिरत बसलेल्या आचाऱ्यावर. (तो कांद्याने रडत होता की माराने, यावर अजून एकमत नाही.) सर्वांत पुढच्या पोराचे तळवे मात्र दोराने सोलून निघाले. ते पाहिल्यावर मला घास उतरला नाही.

कप्तान म्हणाला, “मामा, पुढच्या बंदरात उतरा. माझ्या पोरांचे हात मी कवितेवर टांगून ठेवू शकत नाही.” त्याचं काय चुकलं? आता तळव्यांना पट्ट्या बांधलेला तो पोरगा बाजूला बसून ‘एक-दोन’ मोजतो, शीड मुकाट वर जातं, पाखराची एकाही पोराला आठवणसुद्धा नाही. येत्या शनिवारी आपल्याच धक्क्यावर उतरतो. न्यायला कुणी येऊ नये. पिशवी हलकी आहे, आणि घराची ओढ लागलीच आहे.

तुमचा बिनकामाचा मेहुणा

ता. क. घराची ओढ वगैरे खोटं. घरी पहिलं कडवं मी म्हणायचो आणि दुसरं ती स्वयंपाकघरातून म्हणायची. ते पाठ करायची मला वेळच आली नाही. आता त्या घरात पहिलं म्हणायचा धीर होत नाही.

पुन्हा ता. क. दुसरं कडवं तुम्हाला येत असेल तर पाठवा, असं लिहिणार होतो. पण कागदावर नको. गुडघ्यांनी साथ दिली तर शनिवारी धक्क्यावर या आणि तिथेच म्हणा. तुमचा आवाज हुबेहूब तिच्यासारखा आहे, असं तीच फणकाऱ्याने सांगायची. आचारीही ऐकायला थांबणार आहे. पाखरू घरी पोचलं का, म्हणून रोज विचारतो.