बॅग कुणाच्याही हातात देऊ नका

प्रिय बाबा,

व्हिसा लागला, तिकीट निघालं आणि तुम्ही चक्क "बरं, येतो" म्हणालात. माझा अजून विश्वास बसत नाही. जगभर हिंडणाऱ्या लोकांच्या बॅगा तुम्ही जन्मभर दुरुस्त केल्यात आणि स्वतः मात्र दुकान सोडून कुठे गेला नाहीत. आता एकदम समुद्र ओलांडून परक्या देशाच्या राजधानीत येणार! फोनवर तुम्ही अट घातलीत, की तुझ्याकडे येतोय, तुझं घर बघायला, दुसऱ्या कुणाचं नाव काढायचं नाही. मी हो म्हटलं. ते दुसरं कुणी म्हणजे दादा, हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. तो याच शहरात राहतो हेही तुम्हाला ठाऊक आहे. तर त्याचं नाव या पत्रात येणार नाही, निश्चिंत असा. हे पत्र निव्वळ कामाचं आहे. फोनवर सांगितलेलं तुम्ही अर्धं ऐकता आणि उरलेल्या अर्ध्याला "कळलं, कळलं" म्हणता, म्हणून लिहून पाठवतेय. चष्मा लावून सावकाश वाचा.

आधी सामानाचं. बॅग कशी भरावी हे मी तुम्हाला शिकवणं म्हणजे जरा अतीच, पण दोन गोष्टी तुमच्याही लक्षात येणार नाहीत. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. मोठी बॅग कधीकधी माणसाच्या मागून येते. आणि दाभण, कात्री, पक्कड यांतलं काहीही त्या पिशवीत नको. वाटेत कुणाचं हँडल तुटलं तर असू दे, म्हणून तुम्ही दाभण खिशात टाकणार हे मला माहीत आहे. तपासणीला ते काढून घेतील, परत देणार नाहीत, आणि तुम्ही त्या बिचाऱ्या शिपायाशी हुज्जत घालत बसाल. तेव्हा दाभणाला मोठ्या बॅगेत जागा द्या. गरम बनियन आणि कानटोपीही घ्या. इथे थंडीपेक्षा वारा वाईट. नदीवरून येतो आणि कॉलरमधून आत शिरतो. आणि बॅग कोणती आणणार आहात? बॅगवाल्याचं घर, पण आपली स्वतःची अशी बॅग कधी नव्हतीच. भिंतभर लोकांच्या टांगलेल्या, आणि आपल्याला कुठे जायचं झालं की आईची लोखंडी पेटी. तीही पुढे राहिली नाही. शेजारचा शिंपी सांगत होता, की महिनाभर तुम्ही शटर अर्धं ओढून आत काहीतरी शिवताय आणि सुईत दोरा ओवायला त्याला हाक मारता. हात थरथरतात हे तुम्ही मला सांगितलं नव्हतंत.

विमान उतरलं की घाई करू नका. सगळे एकदम उठतात आणि मग तसेच खोळंबून उभे राहतात. तुम्ही खुशाल बसून राहा. पासपोर्टच्या खिडकीवर विचारतात ते एवढंच, की कशासाठी आलात आणि कुठे राहणार. "मुलीकडे" म्हणा आणि माझ्या पत्त्याचा कागद पुढे करा. तो शर्टाच्या खिशात ठेवा. जास्त बोलू नका. तुम्हाला कुणी कसे आहात विचारलं की तुम्ही गुडघ्यांपासून सुरुवात करता, आणि मागे रांग मोठी असते. पुढे सरकत्या पट्ट्यावर सामान येतं. तिथे बहुतेकांची तारांबळ उडते, कारण सगळ्या बॅगा काळ्या आणि एकसारख्या. तुमची नाही उडणार. आठवतं ना, बाजारात कुणी ओळख दाखवली की तुम्ही नुसतं हसायचात, आणि तो माणूस पुढे गेला की आई हळूच विचारायची, कोण हो ते? "कोण जाणे!" मग त्याच्या खांद्यावरची बॅग दिसली की तुमच्या डोक्यात एकदम उजेड पडायचा, "अगं, हा तर डाव्या चाकाचा!" तुमच्या लेखी गावात डॉक्टर, वकील असं कुणी नव्हतंच. फुटकं बक्कल होतं, अडकलेली चेन होती, फाटक्या अस्तराच्या बाई होत्या. आई म्हणायची, मी हरवले तर यांना माझा फोटो नका दाखवू, पर्स दाखवा. मलाही तुम्ही कधी नावाने हाक मारली नाहीत. दिवसभर जिन्यावरून वर-खाली करते म्हणून मी रनर, चेनच्या दोन बाजू जुळवत पळणारा तो छोटासा तुकडा.

बॅग मिळाली की ती स्वतःजवळच ठेवा. बाहेर येताच चांगल्या कपड्यांतले एक-दोघे "टॅक्सी? सामान घेऊ?" करत अंगावर येतील. कुणाच्याही हातात बॅग देऊ नका. खरं तर हे तुम्हाला सांगायलाच नको. बोट कापलं होतं तेव्हासुद्धा तुम्ही भाजीची पिशवी आईला धरू दिली नव्हतीत. सरळ डावीकडे वळा आणि निळ्या बाणांमागे चालत राहा. स्टेशन विमानतळाच्या पोटातच आहे. गाडीचं तिकीट पत्रासोबत ठेवलंय, पण नुसतं तिकीट असून भागत नाही. फलाटावर एक पिवळा डबा आहे, त्यात ते खुपसून शिक्का उमटवून घ्यायचा. शिक्का नसला की दंड, आणि पाहुणा म्हणून कुणी सोडत नाही. मी पहिल्याच दिवशी भरलाय. गाडीचं दारही आपणहून उघडत नाही, बटण दाबावं लागतं. माझ्या ओळखीचा एक बसवाला आहे, तो म्हणतो, परका माणूस या शहरात लगेच ओळखू येतो, बंद दारासमोर मुकाट्याने उभा असतो. नदीचा पूल लागला की उठून तयार राहा, पुढचं स्टेशन आपलं.

स्टेशनाबाहेर घड्याळाचा मनोरा आहे, त्याच्या पायथ्याशी बसथांबा. पुढच्या दाराने चढा, मधल्याने उतरा. मागच्या चाकावरच्या सीटवर मात्र बसू नका, तिथे धक्के फार बसतात. हेही त्या बसवाल्यानेच आवर्जून सांगितलं. त्यांचा डावा गुडघा दुखतो ना, असं त्याने विचारलं. आता दोन्ही दुखतात, मी म्हटलं. त्यावर तो बराच वेळ खिडकीची काच पुसत राहिला. बेकरीच्या थांब्यावर उतरलात की समोरच्या पिवळ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी. लिफ्ट इतकी अरुंद आहे की एक तर तुम्ही मावाल नाहीतर तुमची बॅग. बॅग आधी पाठवा आणि तुम्ही खालीच थांबा. मी ती वर काढून घेते आणि लिफ्ट परत पाठवते.

इथल्या राहण्याचंही सांगते. नळाचं पाणी बिनधास्त प्या, उकळायची गरज नाही. प्लगची भोकं वेगळी असतात, तुमच्या दाढीच्या मशीनसाठी मी अडॅप्टर आणून ठेवलाय. रविवारी दुकानं बंद, रस्ते ओस. पहिल्या रविवारी मला वाटलं होतं काही दंगल झाली. रस्ता रिकामा असला तरी दिवा हिरवा होईपर्यंत लोक उभे राहतात. तुम्ही हात दाखवून गाड्या थांबवत घुसू नका, माझ्या अब्रूचा प्रश्न आहे. राजवाडा बघायला सकाळीच जायचं, नंतर रांग फार. आत बॅग नेऊ देत नाहीत, एका खोलीत जमा करावी लागते, आणि मला खात्री आहे की तुम्ही राजवाडा सोडून त्या खोलीतच रमाल.

राजवाडा खरं तर आईला बघायचा होता. दुकानात येणाऱ्या बॅगांच्या हँडलला विमानतळांच्या कागदी पट्ट्या चिकटलेल्या असायच्या. त्या अलगद सोडवून आपल्या कपाटाच्या दारावर आतून कुणीतरी चिकटवायचं. कोण ते लिहीत नाही, अट आहे. बरोबर मधोमध या राजधानीची पट्टी होती. आई कपडे काढायला कपाट उघडायची आणि एखाद्या शहराचं नाव वाचत तशीच उभी राहायची. तुम्ही चिडायचात, की दार उघडं ठेवू नका, धूळ जाते. आई गेली तेव्हा इथून एक माणूस यायला निघाला होता. विमानतळापर्यंत पोचला होता. तुम्ही "नको" म्हणालात, आणि तुमच्या शेजारी बसूनच मी ते त्याला फोनवर सांगितलं. तुम्ही तोंड फिरवून बसला होतात. तो माणूस तिथून घरी गेला नाही, बाबा. दिवे लागेपर्यंत तिथल्याच बाकावर बसून राहिला. हे मला त्याने नाही, त्याच्या बायकोने सांगितलं. ती मला फार आवडते.

तुमचा राग खोटा होता असं मी कधीच म्हणणार नाही. मी तेव्हा शाळकरी होते, पण ती दुपार मला स्पष्ट आठवते. तुम्ही जेवायला वर आलात आणि तो खालून निघून गेला. घर सोडून गेला याचं दुःख वेगळं, पण जाताना भिंतीवरची मास्तरांची तपकिरी बॅग घेऊन गेला. गिऱ्हाइकाची वस्तू. मास्तरांना त्याच संध्याकाळच्या गाडीने मुलीकडे जायचं होतं आणि तुम्ही शब्द दिला होता. ते आले तेव्हा खिळ्यावर नुसती त्यांच्या नावाची चिठ्ठी लोंबत होती. तुम्ही वर आलात, आईचे ठेवणीतले कपडे पलंगावर उपडे केलेत आणि लोखंडी पेटी मास्तरांच्या हवाली केलीत. "पोर गेलं ते गेलं, माझ्या दुकानाची पत घेऊन गेलं," असं तुम्ही म्हणालात, आणि त्यानंतर त्याचा विषय आपल्या घरात निघाला नाही. आई तेवढी कपाटाच्या दाराशी जरा जास्त वेळ उभी राहायला लागली.

आता खरं ते लिहिते. मला त्या दिवशी सुट्टी आहे, पण मी विमानतळावर येणार नाही. काचेच्या दारातून बाहेर आलात की समोर नावांच्या पाट्या धरलेली माणसं असतील. त्यांच्या मागे खांबापाशी तो बसवाला उभा असेल. केस गेलेत, अंगाने सुटलाय, चष्मा लागलाय. चेहऱ्यावरून तुम्ही त्याला ओळखाल असं मला वाटत नाही. त्याच्या हातात एक तपकिरी बॅग असेल. तिचं हँडल शिवताना तुमचा तपकिरी दोरा संपला होता, म्हणून तुम्ही आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा दुहेरी करून, मेण लावून वापरला होतात. टाके जसेच्या तसे आहेत. मास्तर गेल्याचं मी त्याला केव्हाच सांगितलं, तरी तो म्हणतो, दुकानातून उचलली ती दुकानदाराच्याच हातात द्यायची. इथे पोचल्यापासून त्याने ती एकदाही प्रवासाला वापरलेली नाही. तो तुम्हाला हाक मारणार नाही, पुढे येणार नाही, वाट अडवणार नाही. तसा शब्द मी त्याच्याकडून घेतलाय. तुम्हाला थांबायचं नसेल तर थांबू नका. डावीकडे वळा. निळे बाण, पिवळा डबा, दाराचं बटण, पूल, मनोरा, बेकरीचा थांबा, हे सगळं मी इतकं बारकाईने लिहिलं ते एवढ्याचसाठी, की त्याच्या गाडीत बसण्यावाचून तुमचं अडायला नको. तुम्ही एकटे आलात तरी मी दार उघडेन, चहा टाकेन आणि काही विचारणार नाही. पण बाबा, ते लाल टाके दिसल्यावर तुमचे पाय थबकले, तर काही बोलायची गरज नाही. तुम्हाला ते जमायचं नाही आणि त्यालाही. त्याच्या हातातली बॅग घ्या आणि तुमची त्याच्या हातात द्या.

तुमचीच,
रनर