नळीचा ढाळ

ता. १९ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, फोनवर तू हसतेस, मी चिडतो आणि कामाचं बोलणं राहून जातं. शिवाय लेखी असलं म्हणजे तुला नंतर कानावर हात ठेवता येणार नाहीत.

तर ठरलेलं पुन्हा लिहितो. झोपेत माझा श्वास अडकतो म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं हे श्वासाचं मशीन मी महिनाभर रोज रात्री लावून झोपायचं, एकही रात्र चुकवायची नाही. महिना पार पडला तर तू झोपेची तपासणी करून घ्यायचीस. मी मध्येच सोडलं तर पुन्हा तुझ्यामागे लागणार नाही. दाजी साक्षीदार.

मला या मशीनची हौस नाही. मागच्या आठवड्यात शीतगृहात मोटारीला कान टेकून उभ्याउभ्या डुलकी काढली, तर साहेबांना वाटलं मी आवाजावरून बिघाड शोधतोय. चार जणांना बोलावून त्यांनी माझं कौतुक केलं. असंच चाललं असतं तर बढतीही मिळाली असती. पण शिवता शिवता तुझा डोळा लागला आणि सुई बोटातून आरपार गेली, हे दाजींनी सांगितल्यापासून ते बोट माझ्या डोक्यातून जात नाही. रात्री तुझा श्वास अडकला की तो पुन्हा सुरू होईपर्यंत दाजी उठून बसतात म्हणे. आणि तू म्हणतेस, दोष सुईचा.

मशीन काल आलं. नाकावर मास्क, मास्कला लांब नळी, नळी मशीनला, आणि मशीनच्या पोटात पाण्याची टाकी. टाकी तापते, हवा कोमट आणि ओलसर होते, म्हणजे नाक कोरडं पडत नाही. त्याला ह्युमिडिफायर म्हणतात. ओलावा किती हवा त्याचे आकडे असतात. मशीनवाल्या बाई ते समजावून सांगायला लागल्या, तेव्हा मी त्यांना मध्येच थांबवून सांगितलं की गारवा आणि ओलावा हाच माझा उभ्या जन्माचा धंदा आहे. बाईंनी माहितीचा कागद घडी करून पिशवीत ठेवला. तुझ्या भावजयीने कपाळाला हात लावला.

तुझ्या लोभातला माझा वाटा आहे तेवढा राहू दे, हे मागणं.

तुझा,
बारक्या
(वजन विचारू नये)


ता. २४ नोव्हेंबर

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझे दाजी साक्षीदार झाल्यापासून घरात कोर्टात बसल्यासारखे बसतात.

मला तुझी काळजी नाही, कारण तू महिना काढणार नाहीस याची मला खात्री आहे. बासरी आणलीस ती कपड्यांच्या कपाटात गेली. पोहायला जायचं म्हणून चड्डी मी शिवून दिली, ती कोरडीच जुनी झाली. तेव्हा माझी तपासणी काही होत नाही, निश्चिंत राहा.

बोट बरं आहे. मी झोपले नव्हते, डोळे मिटून एका बाहीचा विचार करत होते. सुई मात्र जुनी होती, ती बदलली. आता थट्टा बाजूला ठेवून एकदाच लिहिते: मला काही झालेलं नाही, आणि झालं असेल तर ते मला कळायला नको आहे. दुकान माझ्या दोन हातांवर चालतं. डॉक्टर एकदा शोधायला लागले की कुठे थांबतील याचा नेम नाही.

मशीनवाल्या बाईंचं ऐकून घेतलं असतंस तर बरं झालं असतं. पण तू आणि ऐकणं!

आहे ही माया अशीच राहो, आणि घोरणं तेवढं कमी होवो.

तुझी,
ताई


ता. ३ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू जिंकलीस. निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुला चहा घेत निवांत वाचता येईल.

सुरुवातीला नाक असं कोरडं पडलं की सकाळी रुमालावर रक्ताचा ठिपका दिसला. मी म्हटलं, त्यात काय, आकडा वाढवू. वाढवत वाढवत शेवटच्या आकड्यावर नेला. आणि खोटं कशाला बोलू, ताई, त्यानंतर काही दिवस मी माणसात आलो. संध्याकाळी जागा असायचो. आम्ही सिनेमा पाहिला आणि खुनी कोण निघाला हे मला तुझ्या भावजयीला विचारावं लागलं नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

मग थंडी वाढली. मला खिडकी उघडी लागते. शीतगृहात आयुष्य गेलेला माणूस मी, बंद खोलीत मला कोंडल्यासारखं होतं. आता गरम ओली हवा गार नळीतून आली की आत पाणी सुटणारच. हे मी नव्या कामगारांना पहिल्याच दिवशी शिकवतो. नळीत पाणी साचलं आणि तोंडाशी गुडगुड सुरू झाली.

पाणी म्हटल्यावर माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. आमच्यात एकच नियम आहे: पाणी यंत्राकडे फिरकता कामा नये. यंत्र उंचावर ठेवायचं आणि नळीला खाली ढाळ द्यायचा. मी मशीन कपाटावर चढवलं. कपाटापासून उशीपर्यंत असा ढाळ दिला की कुठे झोळ नाही, कुठे वाक नाही. मागे सरकून स्वतःच बघत उभा राहिलो. तुझी भावजय म्हणाली की यात काहीतरी चुकतंय. मी तिला म्हटलं की हे तांत्रिक काम आहे.

पहाटे सगळं पाणी माझ्या नाकात उतरलं. मी बुडालो बुडालो म्हणून ओरडत उठलो, नळीला हिसका बसला आणि मशीन कपाटावरून सुटलं. ते तुझ्या भावजयीने झेललं. ती जागीच होती. म्हणाली, याचीच वाट बघत होते.

तेव्हापासून टाकी बंद करून कोरडाच झोपतोय आणि नाक सोलून निघालंय. शनिवारी बाई येऊन मशीन परत नेतील. तोवर लावतो, शब्द दिलाय म्हणून. पण महिना काही निघत नाही. हरण्याचं मला दुःख नाही, लहानपणापासून तुझ्याशी मी हरतच आलोय. पण आता तू तपासणी करणार नाहीस याची मला भीती वाटते. फार वाटते. हे फोनवर बोलता आलं नसतं.

हरलेल्यावरही लोभ असू द्यावा.

तुझा,
बारक्या


ता. ६ डिसेंबर

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत पार्सल आहे. ते फोडायच्या आधी पत्र वाच.

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की तुझे दाजी आतून पाणी घेऊन आले. बुडालास तो भाग त्यांच्याकडून दोनदा वाचून घेतला. मग सुटले एकदाची म्हणून शेजारणीला सांगायला निघाले आणि दारात चपला घालता घालता थांबले. माझा भाऊ सिनेमा संपेपर्यंत जागा राहिला होता आणि शनिवारी ते सगळं परत जाणार होतं. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला कधी जमलंय?

तर ऐक, तांत्रिक माणसा. तुझ्या कामात नळीच्या दुसऱ्या टोकाला मोरी असते. इथे दुसऱ्या टोकाला तू आहेस! मशीन गादीपेक्षा खाली ठेव, म्हणजे नळीतलं पाणी मागे टाकीकडे जाईल. आकडा मधला ठेव. नाक कोरडं वाटलं तर एकाने वाढव, पाणी धरलं तर एकाने उतरव, आणि दर वेळी एक-दोन रात्री जाऊ देत. हे ज्ञान माझं नाही. तुझ्या बायकोकडून नंबर घेऊन मी मशीनवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पहिल्या दिवशी हेच सांगत होते, पण तुमच्या बंधूंनी सांगू दिलं नाही. मी सगळ्या घरादाराच्या वतीने माफी मागितली.

खिडकी तू लावणार नाहीस, म्हणून नळीलाच कपडे शिवलेत. एका कोटातून उरलेलं फलालीन आहे, निळ्या चौकटीचं, आत कापसाचा पातळ थर. माप बाईंनी दिलं. नळी उबदार राहिली की पाणी कमी सुटेल. बांधायच्या नाड्या मशीनच्या बाजूला येतील असं घाल, नाहीतर रात्री त्याही नाकात घालशील.

आता तुझा महिना पुरा झाला तर मी हरले. हे मला कळतंय. शिवताना सगळा वेळ कळत होतं.

लोभ तर आहेच, आता जरा अक्कलही वाढावी.

तुझी,
ताई


ता. २१ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

महिना झाला! मशीन स्वतःच रोजची नोंद ठेवतं, बाईंनी ती तपासली, एकही रात्र चुकलेली नाही. मशीन खाली स्टुलावर आहे. मधल्या आकड्यावरून एकाने वर गेलो आणि तिथेच थांबलोय. गुडगुड नाही, नाक शाबूत आहे. नळीचे कपडे माझ्या कपड्यांपेक्षा चांगले आहेत असं तुझी भावजय म्हणते. कामावर मात्र पंचाईत झाली आहे. मी मोटारीला कान लावत नाही, तर साहेब विचारतात की पूर्वीसारखं कामात लक्ष का नाही.

आता तुझी पाळी. तारीख घे. तुला मशीन लागलं तर नळीचं कव्हर मी शिवीन. हसू नकोस, ढाळ तू बघ.

लोभ आहे म्हणूनच हट्ट आहे, एवढं समजून घ्यावं.

तुझा,
बारक्या


ता. ३० जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तपासणी झाली. माझ्या अंगाला इतक्या वायरी लावल्या की कुठून उसवायला घ्यावं ते कळेना. सकाळी डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं की इतके दिवस कसं निभावलंत. मी म्हटलं, सुया बदलून.

मला कसलीच भीती नव्हती, असं लिहायचं ठरवलं होतं. होती रे. जाताना रिक्षात रडले. येताना मात्र भूक लागली होती.

मशीन आलं. मास्क लावून आरशात पाहिलं आणि तुझी आठवण आली, आपण फारच सारखे दिसतो. तुझे दाजी म्हणाले की छान दिसतेस, पण दिवा मालवल्यावर म्हणाले. मशीन खाली ठेवलं, आकडा मधला ठेवला. बाई सांगत होत्या तेव्हा तोंड मिटून ऐकलं. घराण्यात कुणीतरी ऐकायला हवं.

आणि काल सकाळी एक गंमत झाली. मला जाग आली तर तुझे दाजी झोपलेले. आधी घाबरलेच. इतक्या वर्षांत मी उठेन तेव्हा ते जागेच असायचे, मला वाटायचं त्यांना झोपच कमी आहे. आता कळलं ती कुठे जात होती. बारक्या, ते घोरतात! मी चहाचं आधण ठेवलं नाही, भांडं वाजलं असतं. तशीच बसून ऐकत राहिले.

आहे तसाच हट्टी राहा, माझी ना नाही.

तुझी,
ताई

ता. क. कव्हर शिवायला बसू नकोस, सुई बोटात जाईल. तुझं कापलं त्याच दुपारी, त्याच फलालीनमधून, मी दुसरंही कापून ठेवलं होतं.