दातांच्या डॉक्टरांचा कान आणि इतर खाऊ

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. खरं तर साष्टांगच घालणार होतो, पण एकदा वाकलेला गुडघा परत सरळ होईल याची खात्री नाही, म्हणून तूर्त खुर्चीतूनच स्वीकार. तुझ्या कमरेचं दुखणं कसं आहे? ऐकू यायचं यंत्र कानात घालतेस की अजून डबीतच ठेवतेस (फोनवर तू ज्या आवाजात बोलतेस त्यावरून डबीतच असावं)? मेहुण्यांनाही नमस्कार सांग. त्यांच्या दुकानाची पाटी मी रंगवली तेव्हा त्यांच्या नावापेक्षा दुकानाचं नाव मोठं आलं, म्हणून ते अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात हे मला ठाऊक आहे. पण पाटी लांबून वाचायची असते आणि मेहुण्यांना लोक जवळून ओळखतातच, एवढाच माझा विचार होता. असो.

पत्र लिहायचं कारण असं की मी पार गोंधळून गेलो आहे. लेकीची इस्पितळातली ड्यूटी बदलली आणि जावई सहा-सहा महिने जहाजावर, त्यामुळे दोन्ही नातवंडं शाळा सुटली की माझ्याकडे येतात आणि दिवे लागले की आई येऊन घेऊन जाते, हे तुला माहीत आहे. थोरली नात म्हणजे आपली वकिलीण (साधं पाणी दिलं तरी कुठल्या माठातलं, केव्हा भरलेलं, साक्षीदार कोण, असं विचारते) आणि धाकटा नातू मौनी, जो दिवसभरात मोजून चार शब्द बोलतो आणि त्यातले दोन 'नको' असतात. तर शाळेत मुलांची वजनं झाली आणि मौनी काट्यावर उभा राहिलेला काट्याला कळलंच नाही म्हणे. लेकीने मला स्वयंपाकघरात नेऊन हळू आवाजात सांगितलं की बाबा, तुमच्याकडे ही दोघं काय खातात ते मला समजत नाही. पुढच्या वजनाला फरक दिसला नाही तर मी त्यांना पाळणाघरात घालणार, तिथे आहार बघायला एक शिकलेली बाई आहे. ताई, तुला ठाऊकच आहे, छापील फ्लेक्स आल्यापासून माझ्या ब्रशाला काम नाही आणि तुझी भावजय गेल्यापासून घरात आवाज नाही. दुपारी दार वाजतं, दोन दप्तरं धाडकन जमिनीवर पडतात, तेवढ्यासाठी मी सकाळपासून तयार होऊन बसलेला असतो.

मग मी सल्ले घ्यायला सुरुवात केली आणि इथूनच माझं डोकं चक्रावलं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, भाजी लपवायची असते, पालक वाटून कशात तरी घालून द्यायचा, पोरांना पत्ता लागत नाही. फोनवरच्या व्हिडिओतली एक हसरी बाई म्हणाली, मुलांपासून काहीही लपवू नका, विश्वास उडतो. शाळेच्या डॉक्टरांनी साखर बंद सांगितली, औषधवाल्याने खजूर चालू सांगितला, आणि लेक म्हणाली जबरदस्ती करू नका, पण संपवल्याशिवाय उठू देऊ नका (हे दोन्ही एकाच वेळी कसं करायचं ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही). मी शिंपीणबाईंचं ऐकून पालक वाटून अंड्यात घातला. पालक लपला खरा, पण अंडं हिरवंगार झालं. वकिलिणीने उलटतपासणी घेतली आणि पाचव्या प्रश्नाला मी गुन्हा कबूल केला. मौनीने 'नको' म्हटलं. ते अंडं मी तीन वेळा गरम करून शेवटी स्वतःच खाल्लं.

त्या हसऱ्या बाईचं पुढचं एक वाक्य मात्र माझ्या काळजाला भिडलं. ती म्हणाली, ताटली म्हणजे तुमचा कॅनव्हास आहे, मुलं आधी डोळ्यांनी जेवतात. ताई, चाळीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांसाठीच तर हात चालवला! दुसऱ्या दिवशी बाह्या सरसावल्या आणि कामाला लागलो. काकडीची मगर केली, तिला मटाराचे डोळे, गाजराचे दात. उकडलेल्या अंड्याचं बदक केलं, मक्याच्या दाण्याची चोच. तपकिरी पावाची होडी, सफरचंदाचं शीड, आणि खाली बीट घातलेल्या दह्याचा गुलाबी समुद्र (समुद्र गुलाबी का, असा प्रश्न आला, मी संध्याकाळ आहे असं सांगून वेळ मारून नेली). पोरं ताटलीभोवती गुडघ्यांवर बसून बघतच राहिली आणि माझा ऊर भरून आला. मग मी म्हटलं, चला, आता खा. मौनीने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाचा तरी खून करायला सांगतो आहे, आणि त्या दिवसातला सर्वांत लांब शब्दसमूह उच्चारला: "त्याला लागेल ना."

तेव्हापासून जे सुरू झालं त्याला काही ताळतंत्र उरलं नाही. बदकाला रुमालाचं पांघरूण मिळालं. मगरीला पाण्याच्या तांब्यात सोडण्यात आलं. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जरा वाईट कासव केलं, तर ते बिचारं आजारी आहे म्हणून त्याची जास्तच काळजी घेतली गेली. आठवड्याभरात घरात असा वास सुटला की शिंपीणबाई वर येऊन नळाचं काही तुंबलं आहे का विचारून गेल्या. मोरी धुतली, कपाटं उपसली, आणि शेवटी माझ्या ब्रशांच्या पेटीत ते बदक सापडलं, अंगावर रुमाल तसाच. पेटी अजून गच्चीत वाळत ठेवली आहे. पोरांची तब्येत होती तशीच, मुंग्या मात्र चांगल्या भरल्या.

मी हात टेकले. एके दिवशी गुडघा ठणकत होता, कला वगैरे सुचत नव्हती, म्हणून गोल पावावर उकडलेला पालक आणि अंड्याचा चुरा पसरला, दोन खजूर भुवयांच्या जागी टाकले, गाजराचे दोन काप कानांच्या जागी, आणि ताटली पुढे ढकलली. वकिलिणीने मान वाकडी करून पाहिलं आणि हा तर दातांचा डॉक्टर, असा निकाल दिला. झालं होतं खरं तसंच (आमच्याकडच्या दातांच्या डॉक्टरांच्या भुवया म्हणजे दोन स्वतंत्र माणसं आहेत). मौनी पुढे सरकला. त्याने डॉक्टरांचा डावा कान उचलला, नीट पाहिला आणि कचकन चावला. मग उजवा. मग भुवया, मग कपाळ, मग हनुवटी. पालक, ताई, पालक! दोघांनी ताटली पुसून घेतली आणि वकिलिणीने विचारलं की उद्या कोण आहे.

माझी आता जी नैतिक कोंडी झाली ती तूच सोडव. लहान मुलांना नावडत्या माणसांचे चेहरे खायला घालणं बरं की वाईट? कुठल्याच सल्लागाराकडे याचं उत्तर नव्हतं, आणि विचारावं तर सांगायचं काय? पण पोरं खात होती. खेळाच्या बाईंना मोड आलेल्या मुगाचे केस शोभले. इमारतीचे सेक्रेटरी, ज्यांनी पोरांचा चेंडू जप्त केला होता, त्यांचा वर्ण आणि उकडलेला भोपळा यांत तिळाइतकाही फरक नाही. त्यांना गाजराच्या चकत्यांचा चष्मा आणि मनुकांची मिशी केली की ते जवळजवळ बोलायचेच. मौनीच्या गालावर मांस दिसायला लागलं, आणि मी, ज्याने आयुष्यभर दुकानदारांची नावं रंगवली, तो म्हातारपणी चेहऱ्यांचा चित्रकार झालो.

आणि मग सेक्रेटरी स्वतः आले. माझ्या बाल्कनीतून पाणी गळतं अशी तक्रार होती, दार उघडंच होतं, आणि ते थेट टेबलापाशी येऊन स्वतःच्याच चेहऱ्यासमोर उभे राहिले. मौनीचा हात मिशीपर्यंत पोचलेला. मी मनातल्या मनात घर सोडायची तयारी केली. त्यांनी वाकून ताटली दोन्ही बाजूंनी निरखली. मग चष्मा पुसून म्हणाले की मिशी डावीकडे जरा दाट हवी. मी मुकाट्याने दोन मनुका वाढवल्या. त्यांचं असं चित्र आजवर कुणी काढलं नव्हतं म्हणे. ते पाण्याचं विसरून गेले, आणि दुसऱ्या दिवशी चेंडू परत घेऊन आले, सोबत नवा एक. परिणाम काय? त्या दुपारी भोपळा तसाच परत आला. ते चांगले आहेत, त्यांना खाणार नाही, असं वकिलिणीने दोघांच्या वतीने कळवलं.

तिथून माझे ग्रह फिरले. दातांच्या डॉक्टरांनी मौनीचा हलणारा दात असा काढला की त्याला कळलंही नाही, आणि वर तो दात छोट्या डबीत घालून भेट दिला. पालक गेला. खेळाच्या बाईंनी वकिलिणीला धावण्याच्या संघात घेतलं. मूग गेले. वकिलिणीने माझी अडचण ओळखून ग्रंथपालांशी भांडण काढायचा प्रयत्न केला, तर त्यांनी तिला एकाऐवजी दोन पुस्तकं दिली. जगात इतकी माणसं चांगली निघायला लागली तर लहान मुलांनी खायचं काय? मी रोज बाजारातून भाजी आणत होतो आणि ती कुणाच्या तोंडावर मारावी ते समजत नव्हतं.

अशात परवा मौनी शाळेतून आला तो ओठ घट्ट मिटून. त्याच्या वर्गाचा कार्यक्रम होता, आई येणार होती, आणि ऐन वेळी तिची ड्यूटी बदलली. दप्तर टाकून तो टेबलापाशी येऊन बसला आणि म्हणाला, आईला कर. मी नाही-नाही म्हणून पाहिलं. पण वजनाचा दिवस तोंडावर आलेला, आणि त्याने दोन दिवस धड काही खाल्लेलं नव्हतं. केली, ताई. पावावर दाट दही, शेंगदाण्याच्या कुटाचे केस, सफरचंदाच्या सालीचे ओठ, आणि तिच्या डाव्या भुवईवरची ती पडल्याची खूण एका तिळाने. माझ्या हातून इतकं हुबेहूब काही झालं नसेल. आणि नेमकी तेव्हाच ती दारात उभी, कुणाशी तरी ड्यूटी बदलून लवकर आलेली, अंगावर इस्पितळातलेच कपडे.

मौनी ताटलीकडे बघत होता, आईकडे बघत होता, आणि खात नव्हता. तिला वाटलं, रोज हे असंच चालतं. तिचा चेहरा पडला. वकिलिणीने उभं राहून सगळी हकिकत मांडली, डॉक्टरांच्या कानापासून, एकही मुद्दा न गाळता. ज्याचा राग येतो त्यालाच आम्ही खातो, असा नियमही सांगितला. लेक खुर्चीत बसली. मौनीला म्हणाली, मग खा ना, मी आले नाही ना आज.

मौनी म्हणाला, "सकाळी राग होता. आता गेला."

ती हसली आणि मग तिने चेहरा पदराने पुसला असता, पण अंगावर इस्पितळाचा कोट होता, म्हणून माझाच हातरुमाल घेतला. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात माझी लेक, जी अखेर नर्स आहे, नाक ओढत म्हणाली की बाबा, हे सगळं फार गोड आहे, पण मायेने वजन वाढत नाही. वजन पुढच्या सोमवारीच होणार, आणि ठरलंय ते ठरलंय. मग स्वतःचा अर्धा गाल खाऊन, दह्यात मीठ हवं होतं असं सांगून, ती दोघांना घेऊन गेली. दार लागल्यावर घर किती मोठं वाटतं ते मी तुला लिहीत बसत नाही.

बाकी इकडे सर्व ठीक. कमरेला शेक दे आणि यंत्र कानात घाल. मेहुण्यांना पाटी नव्याने रंगवून हवी असेल तर हात अजून चालतो.

तुझा धाकटा,
(सध्या चेहरे करणारा) पेंटर

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तुझा एक फोटो पाठव, समोरून काढलेला, नाक स्पष्ट दिसेल असा. पोरांनी तुला कधी पाहिलेलं नाही, त्यामुळे तू चांगली आहेस हे त्यांना माहीत नाही. मी गेले दोन दिवस त्यांना तुझ्या गोष्टी सांगतो आहे: माझ्या वाटणीचे पेरू तू कसे खाल्लेस, मला कोठीत कोंडून खेळायला कशी गेलीस, माझा पहिला ब्रश मोडून वर मलाच मार कसा खायला लावलास. सांगता सांगता मलाही चांगलाच राग आला. दोघं तुझ्यावर भयंकर चिडली आहेत. सोमवारपर्यंत एवढा राग पुरेल.

ता. क. २. एक विनंती, फोटोच पाठव, स्वतः येऊ नकोस. तू आलीस की ती तासाभरात तुझ्या मांडीवर चढतील आणि तुझ्या चेहऱ्यासाठी आणलेलं बीट माझ्या गळ्यात पडेल.

ता. क. ३. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. फोटो येईपर्यंत हातावर हात धरून कुठे बसू, म्हणून आज आठवणीतूनच तुझा चेहरा केला. केस कुठे पांढरे झाले असतील ते कळेना, म्हणून शाळेत होतीस तशीच केली, दोन वेण्यांची. पोरं हात धुऊन बसली होती. वकिलिणीने विचारलं, हीच का ती पेरूवाली? मी हो म्हटलं आणि ताटली उचलून वरच्या फळीवर ठेवली. दोघांनी फळीकडे पाहिलं. मग मौनी बहिणीला म्हणाला, "आजोबांचा पण राग गेला." घरात दुसरं काही तयार नव्हतं, म्हणून दोघांना नुसती केळी दिली, न कापता, न सजवता. दोघांनी खाल्ली आणि आणखी मागितली. मला आता काहीच समजेनासं झालं आहे. फोटो पाठवू नकोस. तूच ये.