पलीकडच्या घरातली अबुएला

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार, संध्याकाळ

पहिली आली ती तीच. बोलावणं चारचं होतं आणि ही बाई साडेतीनलाच दारात. इथे टाइम म्हणजे टाइम, असं माझा लेक प्रितम मला रोज ऐकवतो. मग टाइमाच्या आधी येणाऱ्याला तो काही काहून म्हणत नाही? बाईच्या हातात कागदाचं हे एवढं गाढव, झालरी लावलेलं, पोटात गोळ्या-चॉकलेटं भरलेली. ते झाडाला टांगायचं आणि पोरांनी काठीने बडवून फोडायचं. वाढदिवसाला! मी म्हटलं, शुभ दिवशी मारामारी कशाला, पण माझं ऐकतं कोण.

ही म्हणजे शेजारची एल्विराबाई. मेक्सिकोची, पुएब्ला म्हणून गाव आहे तिथली. लेकीकडे राहते, जशी मी नागपूरहून इथे परदेशात लेकाकडे येऊन राहिले. वय माझ्याएवढंच, पासष्ट. पण केस काळे करते म्हणून लोकांना लहान वाटते. मला वाटत नाही.

आमची नात अनया आज सात वर्षांची झाली. मी सकाळपासून कोथिंबीर भरून सांबारवड्या तळत होते. पोरांनी गाढव फोडलं आणि गोळ्या वेचायला गवतात लोळली. सांबारवड्या तशाच. केक कापला आणि पहिला घास पोट्टीने एल्विराबाईच्या तोंडात घातला. ती जवळ उभी होती म्हणून. मी किचनमध्ये होते. अंतराचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही.

मी जळत नाही. मला ती सवयच नाही.

ही वही प्रितमने शुगर लिहायला दिली आहे. आजची शुगर: पाहिली नाही, पाहुणे होते.

२१ ऑक्टोबर, सोमवार

आजपासून नक्की. सकाळी चालणं. गोड बंद. रोज इंग्रजीचे पाच शब्द. अनयाला रोज संध्याकाळी एक गोष्ट. आणि त्या घराची पायरी चढायची नाही.

अनया तिला अबुएला म्हणते. त्यांच्या भाषेत आजी. मी सुनेला म्हटलं, सोनल, काकू म्हणायला शिकव, मावशी म्हण, दुनियाभराच्या बायकांना आपण मावशी म्हणतोच ना. सोनल लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, आई, इट्स ओके, तिला दोन आज्या मिळाल्या तर चांगलंच आहे. हिला स्वतःला दोन सासवा मिळाल्या असत्या म्हणजे कळलं असतं.

२२ ऑक्टोबर

चालायला गेले नाही. पाय दुखत होता. डावा बहुतेक.

अनयाला राजाची गोष्ट सांगायला घेतली. तिने मध्येच विचारलं, आजी, राजाला इलेक्ट केलं का? तेवढ्यात पलीकडून पोळ्या भाजल्याचा वास आला आणि गेली पळत. मक्याच्या पोळ्या. आमच्या ज्वारीच्या भाकरीपुढे त्या म्हणजे पापड. मी खाऊन पाहिली आहे. चार खाल्ल्या तेव्हा नीट कळलं.

१ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी ८

आमचे हे घरातून गेले.

भानुदासरावांना जाऊन तशी चार वर्षं झाली. फोटो गेला म्हणायचंय मला. हॉलमध्ये बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोखाली टेबलावर असतो, तो नाही. सोनलला विचारलं, प्रितमला विचारलं. फ्रिजच्या मागेही पाहिलं.

त्याच दिवशी, दुपार

सापडले. एल्विराबाईच्या घरी आहेत.

झालं असं की मेक्सिकोच्या लोकांत या दोन दिवसांत मेलेली माणसं घरी जेवायला येतात म्हणतात. एल्विराबाईने भिंतीला लागून तीन पायऱ्यांचं टेबल मांडलं आहे. झेंडूच झेंडू, मेणबत्त्या, साखरेच्या कवट्या, आणि गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते सगळं ताटात. तिचा नवरा मध्यभागी, मिशीवाला. आणि त्याच्या शेजारी आमचे हे! दोघांच्या मध्ये बिअरची बाटली! यांनी आयुष्यात बिअरला हात लावला नाही. ऑफिसातल्या वानखेडेंच्या रिटायरमेंटला लावला असेल तो वेगळा.

अनयानेच नेला. म्हणे, आजोबा एकटे होते, तिथे फ्रेंड मिळाला.

नात गेली, आता नवराही तिच्याकडेच.

मी तरातरा गेले. पायरी चढावी लागली, इलाज नव्हता. फोटो उचलणार तेवढ्यात एल्विराबाईने माझा हात धरला, आधी स्वतःच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं, मग माझ्या, आणि रडायला लागली. भाषा येत नसली की माणसाला भांडताही येत नाही. मलाही थोडं पाणी आलं डोळ्यांत. मेणबत्तीच्या धुराने. मग तिने या दिवसाचा ब्रेड दिला, वर साखर लावलेला, हाडांचा आकार केलेला. तीन खाल्ले. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

फोटो राहू दिला. संध्याकाळपर्यंतच.

२ नोव्हेंबर

फोटो आणला. पण मनात आलं, माझा नवरा काय तिच्या नवऱ्यापेक्षा कमी मेला आहे? टेबल पुसलं, नवी चादर घातली. तर्री-पोहे केले, त्यांना फार आवडायचे. तंबाखू-सुपारीचा खर्रा इथे मिळत नाही म्हणून बडीशेप ठेवली. झेंडू एल्विराबाईकडूनच आणावे लागले, तिने टोपलीभर दिले. मला मुद्दाम लाजवायला एवढे दिले असणार.

प्रितमने पाहिलं आणि म्हणाला, आई, हे काय? बावीस प्रतिज्ञा तूच माझ्याकडून पाठ करून घेतल्या होत्या, श्राद्ध करणार नाही म्हणून. मी म्हटलं, हे श्राद्ध आहे असं कोण म्हणालं? फोटो पुसायला काढला होता. पोहे गरम होते म्हणून तिथे ठेवले. फुलं शेजारणीने दिली, फेकू का? तो म्हणाला, आणि मेणबत्ती? मी म्हटलं, लाइट गेले तर.

इथे लाइट जात नाहीत, असं म्हणून तो पोहे खात बसला. बापासारखाच आहे, तर्री वरून मागितली.

अनया म्हणाली, आजी, युअर्स इज नाइस, बट अबुएलाज हॅज स्टेप्स.

पुढच्या वर्षी चार पायऱ्या.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी घरीच होते. शाळेत आजी-आजोबांचं लंच होतं. कॅफेटेरिया लहान म्हणून प्रत्येक पोरामागे एकच पाहुणा. फॉर्मवर अनयाने स्वतः नाव लिहिलं. कुणाचं ते मला लिहायचं नाही.

एल्विराबाईचं.

मी मागच्या आठवड्यातच सुती पातळाला इस्त्री करून ठेवली होती. सोनलने अनयाला माझ्यासमोरच विचारलं, आजीचं का नाही? ती म्हणाली, आजी शाळेत मोठ्याने 'शी' म्हणते, फूडला. आणि सगळ्यांना सांगते की मी अजून रात्री दूध बाटलीने पिते.

खोटं नाही ते. पण खरं बोलणाऱ्या माणसाला शाळेत नेत नाहीत, तर कुठे नेतात?

मी विचार केला. पोट्टीने माझी काळजी घेतली आहे. तिथल्या बाकांना पाठ नसते. माझी कंबर तिला माहीत आहे. हेच खरं कारण. मुलं बोलून दाखवत नाहीत.

एल्विराबाई परत येताना शाळेतली जेली माझ्यासाठी घेऊन आली, रुमालात गुंडाळून. मी ती खाल्ली नाही.

रात्रीच्या आत खाल्ली. वाया गेली असती.

१६ डिसेंबर, सोमवार

आज मी जिंकले. तपशीलवार लिहून ठेवते.

त्यांच्यात नाताळाच्या आधी पोसादा म्हणून सण असतो. सगळे मेणबत्त्या घेऊन, गात गात दारोदार जातात आणि रात्रीपुरती जागा मागतात. दोन घरांनी नाही म्हणायचं आणि तिसऱ्याने घ्यायचं, अशी पद्धत आहे. तिसरं घर एल्विराबाईचं, अर्थातच. तामालेही तिथेच, ते म्हणजे मक्याच्या पानात बांधून वाफवलेले लाडवांचे लांबोळे भाऊ, तिखट. दुसरं घर आमचं ठरलं. म्हणजे दारात उभं राहून एल्विराबाईला जागा नाही, पुढे जा म्हणायचं काम माझ्याकडे आलं. या देशात आल्यापासून पहिल्यांदा कुणी मला मनासारखं काम दिलं.

दोन दिवस प्रॅक्टिस केली. सहा वाजता आले. वीस माणसं, गाणं सुरू. मी दार उघडलं आणि दणक्यात म्हणाले, जागा नाही! पुढे जा! चला! सगळे खूश झाले. इतकं खरंखुरं 'नाही' कुणी म्हणत नाही, असं एल्विराबाईच्या लेकीने सोनलला सांगितलं.

तर सगळ्यात पुढे अनया. डोक्यावर निळी ओढणी, हातात मेणबत्ती, अंगात स्वेटर नाही. तिने त्यांच्या भाषेत जागा मागितली. माझ्याकडे बघून. गाण्यातलंच होतं ते, मला माहीत आहे. पण नातीला दारातून हाकलायचं? मी म्हटलं, ये गं बाई आत, आणि दार सताड उघडलं.

तिच्यामागे वीसच्या वीस आत. गाणं अर्ध्यात बंद. पोरं म्हणाली, शी ब्रोक इट. तामाले पलीकडे, माणसं इकडे. मी पोहे टाकले, काय करणार. सगळ्यांनी खाल्ले. म्हणजे त्यांचा सण आधी माझ्या घरी झाला, कुणी काही म्हणो.

एल्विराबाईला राग यायला हवा होता. ती हसून हसून खुर्चीत पडली आणि मला मिठी मारली. या बाईला हरायचं कसं तेच कळत नाही.

शुगर २४०. उत्साहाने वाढते.

२९ डिसेंबर, रविवार

माझं तिकीट २८ जानेवारीचं. तीस दिवस राहिले. अनया फार रडणार, तिला आतापासून तयार करायला हवं. जवळ घेऊन म्हटलं, आजी नागपूरला गेली की तू काय करशील? तिने विचार केला आणि विचारलं, तुझ्या रूममध्ये ट्रॅम्पोलिन ठेवता येईल का?

धक्का लपवते आहे बिचारी.

आता ठरवलं. जाण्याआधी या पोरीच्या मनात मी पहिली आणि ती दुसरी. महिनाभर पुरे आहे.

५ जानेवारी २०२५, रविवार

संधी चालून आली. उद्या त्यांचा आणखी एक सण. (किती सण! यांच्या कामावर कोण जातं?) मोठा गोल ब्रेड कापतात, वर लाल-हिरव्या फळांच्या पट्ट्या, आणि आत एक छोटंसं प्लास्टिकचं बाळ लपवलेलं असतं. अनया म्हणाली, ज्याला बाळ सापडतं त्याच्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात. मागच्या वर्षी कुणाला सापडलं होतं, विचारलं. अबुएलाला, म्हणे.

बरोबर. तिलाच सापडणार.

या वेळी ब्रेड आमच्या घरी कापायचा आहे. पोसादाला मी सगळ्यांना आत घेतलं, तेव्हापासून मला पाहुण्यांची हौस आहे असं एल्विराबाईच्या डोक्यात बसलं आहे. ब्रेड आजच आणून आमच्या ओट्यावर ठेवून गेली. घरात कुणी नाही.

मी फक्त खालून हात लावून पाहणार आहे.

त्याच दिवशी, साडेचार

हिरव्या पट्टीच्या डावीकडे.

६ जानेवारी, सोमवार, रात्रीचं जेवण झाल्यावर

कसं झालं ते लिहिते. सगळे जमले. पाहुणे मोजून एकवीस. एकेकाने सुरी घेऊन आपला तुकडा आपण कापायचा. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, आता नीट आठवते. सगळे पातळ पातळ काप घेत होते आणि सुरी टेकवायच्या आधी घाबरत होते. एल्विराबाईचा जावई तर सुरी फिरवून फिरवून हिरव्या पट्टीपाशी आला आणि मागे सरला. मला वाटलं, शुगर असेल.

मी म्हटलं, सरका. हिरव्या पट्टीच्या डावीकडे चांगली चार बोटं रुंद कापली. बाळ निघालं. दोन्ही हातांनी वर धरलं. काय टाळ्या! जावई तर शिट्टी वाजवत होता. अनया पळत आली आणि कमरेला मिठी मारली, सगळ्यांसमोर, आधी माझ्या. एल्विराबाई बाजूलाच उभी होती. अंतर सारखं होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते.

अनयाने विचारलं, आजी, तुला तामाले करता येतात? अशा वेळी कुणी नाही म्हणतं का? मी म्हटलं, येतात की. तिने ते त्यांच्या भाषेत सगळ्यांना सांगितलं. आणखी टाळ्या.

मग सोनल मला किचनमध्ये घेऊन गेली. तिचे खांदे हलत होते, मला वाटलं रडते आहे. म्हणाली, आई, ज्याला बाळ सापडतं त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले करून जेवू घालायचं असतं. म्हणून कुणाला नको असतं ते. त्याच्या आधीच्या वर्षी तर कुणीतरी गुपचूप खिशात टाकलं होतं.

मी म्हटलं, माझं तिकीट अठ्ठावीसचं आहे. सुटले म्हणून जरा बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू. तर प्रितम हॉलमधून म्हणाला, अनयाने केव्हाच फोन आणून दिला माझ्या हातात, तुझं तिकीट पाच फेब्रुवारीचं केलं.

अनया सोफ्यावर उड्या मारत होती. आजी राहणार म्हणून की तामाले मिळणार म्हणून, ते मी विचारलं नाही. विचारणार होते. नाही विचारलं.

एल्विराबाईला मात्र मला तामाले येत नाहीत हे न सांगता कळलं. माझ्या गालाला हात लावला आणि बोटांनी चार दाखवले. म्हणजे उद्या दुपारी चारला ती येणार, मला शिकवायला. अर्थ सांगायला मध्ये अनया बसणार, शाळा सुटल्यावर रोज.

बाकीचे वीस जण दोन फेब्रुवारीला, रविवारी, दुपारी एक वाजता परत येतो म्हणून गेले आहेत.