निकालपत्राच्या जागी

पप्पा,

उभ्या उभ्याच नमस्कार. कारखान्यात जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची असते.

चर्चमधल्या मंडळीच्या मासिकातला तुमचा लेख मिळाला. आई दर महिन्याला धाडते. सातवीत नापास झालो तेव्हा मी निकालपत्र तुमच्या बायबलात, नुसत्या नियमांनी भरलेल्या लेवीयाच्या पुस्तकात लपवलं होतं. वाटलं, ते कोण वाचतंय! तुम्ही वाचलंत, आणि वर मासिकात लिहिलंत. तेव्हापासून पाळकसाहेबसुद्धा विचारायचे, "काय लेवी, यंदा कुठे लपवलंस?" सगळी मंडळी हसायची. मी शाळा सोडली, मग घर सोडलं, मग तीन नोकऱ्या. आता मशीनवर फळ्या कापतो. इथे मात्र टिकलोय.

टिकलोय, कारण मला मुलगी झालीय. तीन महिन्यांची आहे. आईलाही कळवलं नाही. कळवलं तर तुम्ही तिच्यावर लिहिणार, आणि चांगलं लिहिणार, हीच भीती. पोरीला दात यायच्या आधी टोपणनाव नको.

पण सकाळी कामावर निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवला की तोंडातून तुमचीच प्रार्थना निघते, मधल्या खोकल्यासकट. तुमची सून म्हणते, "अहो, खोकला तरी स्वतःचा काढा. आणि बाप्तिस्म्याला आजोबा नकोत का?"

हवेत.

म्हणून तुम्हाला कार्डावर पत्ता आणि 'एकदा या' एवढंच धाडतोय. हे पत्र आमच्या बायबलात त्याच जागी ठेवतो. आलात की तुम्हाला सापडेलच. वाचा, पण लिहू नका.

तुमचाच,
लेवी