पुडीतली पूड

बाई, हर्बेरियममधल्या तुमच्या वाळवलेल्या भूछत्रांच्या पुड्या आता कॉम्प्युटरवर चढवतायत आणि ते काम माझ्याकडे आलंय. सोबतीला एक गुजराती मुलगी आहे, हुशार, पण घाईची. तिच्या लेखी सगळेच 'बिलाडीना टोप', मांजराच्या टोप्या. आपण तरी काय, कुत्र्याची छत्री म्हणून मोकळे. कुत्र्यामांजरांच्या तावडीतून त्यांना सोडवण्यात तुमचा जन्म गेला.

नियम असा, की पुडीत नमुना नसेल तर नोंद रद्द. परवा तुमची नखाएवढ्या छत्र्यांची पुडी निघाली, खंडेराव मार्केटमागच्या सडक्या पाल्यावरची. तिथं आता फरशी आहे, त्या छत्र्या पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. गोळा केल्या तेव्हा मी सोबत होते. भाजीवाली म्हणते, "खाशो नहीं हं, बेन." तुम्ही उकिडव्या बसून रंग लिहिता आणि एक छत्री माझ्या नाकाशी धरता. "वास लिही. वाळल्यावर सगळ्या तपकिरी होतात, आणि वास तर घरी पोचेपर्यंतही थांबत नाही." मी लिहिते, 'बरा'. "बरा म्हणजे? स्थळ आहे का ते?" मग तुम्हीच लिहिता: ओल्या ज्वारीच्या पिठासारखा. संध्याकाळी कारेलीबागेतल्या तुमच्या स्वयंपाकघरात चाळणीखाली बल्ब लावून त्या वाळत होत्या, शेजारी पोळ्या चालल्या होत्या.

तर पुडी उघडली. किड्यांनी सगळं खाल्लेलं, उरली चिमूटभर पूड. मुलगी म्हणाली, "बेन, आमां तो कशुं नथी," आणि पुडी कचऱ्याच्या डब्यावर झटकायला निघाली. मी तिचं मनगट धरलं. पुडी कधी झटकायची नाही, हे तुम्ही इतकं घोटून घेतलं होतंत, की हात आपोआप गेला. खरं सांगायचं तर ही पुडी गेली असती तर मला सोसलं नसतं. थोडी पूड काचपट्टीवर घेतली, पाण्याचा थेंब सोडला. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू अगदी धड होते, किड्यांना तेवढे काही पचले नव्हते. मुलगी बराच वेळ डोळा लावून बसली. मग हळूच म्हणाली, "छे ने," आहे की. 'नमुना आहे' असं तिनंच भरलं.

फॉर्ममध्ये वासाला जागा नाही. तुमचं वाक्य मी शेऱ्यात जसंच्या तसं घातलं. तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठं टाकायचं, ते काही माहीत नाही, त्यामुळे ते टेबलावरच राहील. पुडी कपाटात ठेवण्याआधी मी हुंगून पाहिली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. तरी मी पुन्हा एकदा हुंगली.