अंगणातला पितळी नळ

बाबा, तुमच्या त्या पितळी नळाने सकाळपासून माझं डोकं खाल्लंय. काल त्याला माकड लोंबकळलं. इथली माकडं नळ उघडून पाणी पितात आणि तसाच सोडून जातात, ते ठीक. पण या पठ्ठ्याने मूठच वाकवली आणि अंगणात कारंजं उडालं. मी पुण्याहून आईला कायमची न्यायला आलेय, परवाची तिकिटं आहेत. तिचे गुडघे गेलेत, गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात पडली. आता लखनौत एकटीने राहणं बास, असं मी ठरवलं. ती म्हणाली, "येते. पण नळ काढून घे."

घ्या! ही तुम्हीच लावलेली सवय. प्रत्येक रेल्वे क्वार्टरात सरकारी नळ गळका, म्हणून तुम्ही हा स्वतःचा बसवायचात. बदली झाली की सामान ट्रकात चढल्यावर सगळ्यात शेवटी तो काढायचा, सरकारी परत लावायचा, हा फडक्यात गुंडाळून आईच्या हातात द्यायचा आणि मग कुलूप. नळ हातात आल्याशिवाय आई कधी गाडीत बसलेली मला आठवत नाही. झाशीला मला पाईपवर पाना धरायला लावलात आणि माझा हात जरा हलला तर केवढ्याने ओरडलात, "अगं, पाना आहे तो, लाटणं नाही!" शाळकरी पोर मी, ट्रकवाल्यांच्या समोर रडले होते. अजून राग येतो.

आणि इथे स्वतःचं घर बांधल्यावर काय केलंत? सांध्याला सुतळी, गळू नये म्हणून सफेद्याचा लेप, वर सिमेंटचा गिलावा. "आता कसली बदली?" म्हणत हात धुतलेत. अहो, माणसाने पुढचा काही विचार करावा की नाही? प्लंबर आला, बघून हसायलाच लागला. "अंकल जी ने तो इसे दीवार में ही गाड़ दिया है. काट देते हैं मैडम, दो मिनट का काम है." आई दारातूनच म्हणाली, "भैया, काटना नहीं है." संपलं. त्याने वाकलेली मूठ आणि आतला दांडा बदलला, चहा प्यायला आणि गेला. नळ दुरुस्त झाला, पण भिंतीतून निघायचं नाव नाही.

मग मीच बसले छिन्नी-हातोडी घेऊन. गिलावा फोडला, एक पाना पाईपवर, दुसरा नळावर. पाईपवरचा हलू दिला नाही, बरं का. आई पायरीवर बसलीय. मांडीवर धुतलेलं फडकं, घडी घातलेलं. माझ्याकडे बघत नाहीये. तुम्ही मलिहाबादहून रोप आणून लावलेल्या दशहरी आंब्याकडे बघतेय आणि फडक्याचं टोक पिळतेय, सोडतेय, परत पिळतेय. मी जोर लावते. घाम डोळ्यांत जातो.

"निघाला का गं?"

"नाही निघत."

"बरं," ती म्हणाली. फडकं झटकून दोरीवर टाकलं आणि गुडघ्यांवर हात न टेकता उठून कुकर लावायला गेली. मला इतका संताप आला, बाबा! तिचा, तुमचा, त्या माकडाचा. तिकिटं रद्द करायची, दिवसरात्र राहणारी बाई शोधायची, रोज पुण्यातून फोन करून जीव टांगणीला लावायचा, हे सगळं कोण करणार? मीच.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही ते एक बरं, नाहीतर तुमचा सांधा बिघडवला म्हणून परत ओरडला असतात. नळ फिरला होता, बाबा. शेवटच्या झटक्याला आटे सैल झाले, हाताला नीट कळलं. मीच तो परत आवळला. आता तिथून थेंब थेंब गळतंय. आईने खाली बादली ठेवलीय आणि हे कशाने झालं, ते विचारलेलं नाही.